पंडित घनसावंतांचं चूलबंद आवतन

पंडित घनसावंत यांची तीनचाकी रिक्षा गंगाखेड तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीची आहे, कारण ती दिसण्याच्या बरीच आधी ऐकू येते. टपावर दोन भोंगे आहेत, एक पुढं तोंड करून आणि एक मागं. येताना जो सुटला त्याला रिक्षा जाताना गाठते. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, कापसाचं बियाणं, हरवलेली म्हैस, सापडलेली म्हैस, आणि क्वचित, ज्याची हरवली तो आणि ज्याला सापडली तो यांच्यातली तकरार मिटल्याचं जाहीर निवेदन, असं सगळं या भोंग्यांतून गेलेलं आहे.

पंडितचे आजोबा राणीसावरगावची दवंडी देत. ते काम त्यांना कोणी विचारून दिलेलं नव्हतं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. नातवानं माइक उचलला तो हौसेनं, गावच्या क्रिकेट सामन्यात, कॉमेंट्रीवाला जेवायला गेला तो परत आला नाही म्हणून. या दोन गोष्टींत फरक काय, असं विचारणारे लोक गावात आहेत. त्यांच्या घरासमोरून जाताना पंडित भोंगा जरा मोठा करतो.

माइक हातात आला की पंडित लिहून दिलेलं वाचत नसे, बोलत असे. साड्या सांगता सांगता तो ओट्यावरच्या बाईला नावानं विचारी की पोरीचं बाळंतपण कसं झालं, आणि ती ओट्यावरून उत्तर देई, आणि ते उत्तर तो भोंग्यातून सगळ्या गल्लीला कळवी. जाहिरातीचं शास्त्र लिहिणाऱ्यांनी ज्याला मोठमोठी नावं दिली आहेत ते हेच असावं. मग मेमरी कार्ड आलं. नांदेडच्या स्टुडिओतली कोणी बाई मागं पेटी-तबला लावून बोलू लागली. या बाईनं राणीसावरगाव पाहिलेलं नाही, तरी ‘आपल्या लाडक्या राणीसावरगावात’ असं ती दर आठवड्याला म्हणते. पंडितनं फक्त गाडी चालवायची. आपण गप्प बसायचं आणि बाईनं बोलायचं हे त्याला घरात अंगवळणी पडलेलं होतं, पण घरातली बाई निदान परकी नव्हती. पुन्हा एकदा स्वतःच्या तोंडानं बोलायला मिळावं, एवढी एकच इच्छा धरून पन्नाशीचा हा माणूस गावोगाव मुक्यानं फिरत होता.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं मोबाइलवरचा गेम काढला. नाव ‘धुरा’. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. गेममध्ये आपलं रान नांगरायचं आणि नांगरता नांगरता शेजाऱ्याचा धुरा थोडा थोडा कोरत आपल्याकडं घ्यायचा. ही कल्पना आपल्याला अचानक सुचली असं कंपनीच्या साहेबांचं म्हणणं होतं. परभणी जिल्ह्यात हा खेळ फोन निघायच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे आणि त्यातले काही डाव गंगाखेडच्या कोर्टात अजून संपलेले नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

जिल्ह्याच्या प्रचाराचं काम पोखर्णीच्या नीलमकडे होतं. परभणीत राहून ती कंपनीचं काम बघे. रिक्षा ठरवायला ती राणीसावरगावला आली तेव्हा तिनं पंडितच्या हातात दोन मेमरी कार्डं दिली.

“दोन कशाला?” पंडितनं विचारलं. “गेम तर एकच हाय म्हणलात.”

“गेम एकच हाय काका, गिऱ्हाईक दोन. एक फुरसतवाला. बस येईपर्यंत, दूध तापेपर्यंत खेळणारा. त्याच्यासाठी गेमात सोपा भाग हाय, एकट्यानं नांगर फिरवायचा. ह्या माणसासमोर गेम हा शब्द काढायचा न्हाई, तो पळून जातो. दुसरा पक्का खेळाडू. चौघांची टीम, कानात हेडफोन, रातभर जागरण. त्याच्यासमोर टाइमपास म्हणायचं न्हाई, तो भांडतो.”

“म्हणजे एकाला वाटतं आपण खेळतच न्हाई, आन् दुसऱ्याला वाटतं हा खेळच न्हाई.”

“व्हय.”

“मंग खेळतंय कोण?”

“खेळतात समदेच,” ती म्हणाली, “पण कबूल कोण करत न्हाई. म्हणून तर जाहिरात लागते.”

पंडितनं दोन्ही कार्डं ऐकली. पहिल्यात बाईचा मऊ आवाज होता, ‘दोन मिनिटं मोकळी आहेत? एक तास मारा, मन हलकं करा.’ हा तास म्हणजे नांगराचा. दुसऱ्यात आधी ढोल, मग एक घोगरा पुरुष, ‘रान तुमचं. रात्र तुमची. दम असेल तर धुरा राखून दाखवा.’ पंडितला दोन्ही आवाज आवडले नाहीत. त्यात आपला नाही हे मुख्य कारण होतं.

घरी त्यानं नीलमचं शास्त्र तपासून पाहिलं. दैवशाला, त्याची बायको, चुलीपुढं बसून फोनवर रंगीत खडे जुळवत होती. तिची नऊशेवी पातळी चालू होती.

“तू गेम खेळायलीस का?” त्यानं विचारलं.

“मी? मला कुठली सवड?” दैवशालाचं बोट थांबलं नाही. “दाळ शिजेपर्यंत जरा बोटं हलवायलेय. गेम खेळायला मी काय रिकामटेकडी हाय?”

दाळ शिजून गेली होती. दैवशालाची पातळी संपायला अजून वेळ होता म्हणून ती आणखी थोडी शिजली.

पक्का खेळाडू शोधायलाही लांब जावं लागलं नाही. उमाजी देवकत्याचा पप्पू मेंढरांच्या वाड्याशेजारी बाजेवर पडून, कानात हेडफोन घालून ओरडत होता. ‘धुरा’ बाजारात आला त्याला फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात पप्पूची टीम जिल्ह्यात पहिली होती. गेममध्ये तो ‘रात्रीचा लांडगा’ म्हणून प्रसिद्ध होता. मेंढपाळाच्या पोरानं हे नाव का घ्यावं हे ज्याचं त्याला ठाऊक. सोलापुरात, साताऱ्यात अनोळखी पोरं त्याचे डाव बघत. राणीसावरगावात तो ज्याच्या नजरेसमोरून दोन कोकरं चोरीला गेली तो पप्पू म्हणून प्रसिद्ध होता.

“काय खेळायलास?” पंडित म्हणाला.

पप्पूनं एक कान मोकळा केला. “खेळायलो न्हाई काका. प्रॅक्टिस करायलोय. आपल्या गावात कंपनीचं मैदान हाय, कुस्त्यांचं असतं तसं, पण टीमांचं. आपल्या टीममुळंच इथं ठेवलंय. पण घरच्यांना काही सांगू नका. मायला कळलं तर ती येईल.”

“मंग येऊ दे की.”

“काका, तिथं पोरं येणारेत भायेरगावची. माय येऊन विचारील, भाकर खाल्ली का.”

एवढं बोलून त्यानं कान बुजवला.

पहिलं कार्ड छान चाललं. बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकड्यावर, पिठाच्या गिरणीत माणसं मान खाली घालून नांगर फिरवू लागली आणि कोणी बघितलं की घड्याळ बघितल्यासारखं करू लागली. दुसरं कार्ड पडलं. घोगऱ्या पुरुषाचं ऐकून पोरांना वाटलं, ही कोणी तरी आधार नंबर मागणारी कंपनी आहे. मैदानासाठी सोळा टीम लागणार होत्या, नावं आली चारांची, त्यातली एक टीम तिघांची होती. मैदान तीन दिवसांवर आलेलं. नीलमनं पंडितला फोन केला.

“काका, तुमी स्वतः बोलताल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर पोरं विश्वास ठेवतील. जमलं तर मैदानाची कॉमेंट्री बी तुमीच करा. ती जमली तर पुढं जिल्हाभर मैदानं हायत, समदी तुमाला. पण एक ध्यानात ठेवा, बोलवायचं ते टीमवाल्यांना. साहेबांना पक्के खेळाडू बघायचेत.”

पंडितनं भोंग्याला माइक जोडला आणि सकाळीच निघाला. वाड्या-वस्त्या, तांडे, सगळीकडं. चारचार पोरांच्या टीम कराव्यात, नावं द्यावीत, फोन चार्ज करून आणावेत, जिंकणाऱ्याला चषक आणि भारी हेडफोन आहेत, हे सगळं त्यानं चोख सांगितलं. पोरं गोळा झाली. कोणाच्या काकाला त्यानं नावानं हाक मारली, कोणाच्या आज्जीच्या गुडघ्याची चौकशी केली. दुपारपर्यंत सोळा टीम पूर्ण झाल्या. नीलमचा फोन आला, ती खुश होती, पंडित तिच्याहून खुश होता. कित्येक वर्षांनी त्याचा घसा बसला.

चूक झाली ती मजकूर संपल्यावर झाली. मजकूर संपला होता, पंडितचा आवाज संपला नव्हता. आणि चांगल्या पुकाऱ्याला शेवट लागतो. पंडितच्या तोंडात एकच शेवट बसलेला होता, लग्नाचा, बारशाचा, भंडाऱ्याचा, जयंतीच्या जेवणाचा. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चौकात, अगदी तालासुरात तो म्हणत गेला, “तरी समस्त लहानथोर मंडळींनी अगत्य येणेचे करावे हो, चूलबंद आवतन हाय.”

आपल्याकडं जेवणाचं आवतन दोन तऱ्हांचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं जायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून रांगत्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. चूलबंदाला हो म्हणणं हे यजमानाचा मान ठेवणं समजतात आणि न जाणं हा अपमान. राणीसावरगाव आणि आसपासच्या वाड्यांनी कंपनीचा अपमान केला नाही.

मैदानाच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात मोठा पडदा लावलेला, निळे-जांभळे दिवे सोडलेले, टेबलांवर सोळा टीम बसलेल्या. पोखर्णी, सोनपेठ, गंगाखेडची पोरं काळे टी-शर्ट घालून एकमेकांकडं न बघण्याचा सराव करत होती. आणि दारातून माणसं येऊ लागली. धोतरं, नऊवारी, कडेवर लेकरं, आणि प्रत्येकाच्या हातात, पंगतीला जाताना न्यायचा तसा, आपापला पाण्याचा तांब्या. खुर्च्या होत्या त्या त्यांनी नीट बाजूला लावल्या आणि सतरंज्या नसल्या तरी समोरासमोर ओळी धरून जमिनीवर बसले.

पंडित माइक तपासत होता. केवळाबाई, म्हणजे पप्पूची माय, पुढच्या ओळीत तांब्या ठेवून बसत होती.

“काकू, तुमी इकडं कुठं?” त्यानं विचारलं.

“आता बाई, तूच बोलावलंस की. चूलबंद म्हणलास. परवाच्याला तीनदा म्हणलास, आमच्या वाड्यापशी उभा राहून.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. “पानं कवा मांडायलेत?”

पंडितच्या हातातला माइक चालू होता, म्हणून त्यानं घेतलेला श्वास सगळ्या सभागृहानं ऐकला.

आवतन परत घ्यायची सोय नसते. म्हणजे एक असते, यजमानाच्या घरी मयत झाली तर. पुण्याच्या कंपनीत कोणी शेवटच्या घटका मोजतंय का, हे नीलमला विचारायचं पंडितच्या अगदी ओठावर आलं होतं. कारण मयतीखेरीज चूलबंद मोडलं तर लोक कंपनीला नावं ठेवणार नव्हते, कंपनी कोणी पाहिली होती. लोकांनी आवाज ऐकला होता. पंडितचा आवाज खोटा, पंडितनं बोलावलं आणि उपाशी लावून दिलं, असं एकदा झालं की त्याच्या तोंडानं उद्या म्हैस हरवली तरी कोणी मान वर करणार नव्हतं. नांदेडच्या बाईनं शंभर खोट्या गोष्टी सांगितल्या तरी तिचं काही जात नाही. पंडितला मात्र याच गावात पाणी भरायचं होतं.

त्यानं नीलमला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. नीलम पोखर्णीची, नरसिंहाच्या जत्रेला लहानपणापासून पंगतीत बसलेली. तिला चूलबंद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. 

“चूलबंद?”

“चूलबंद.”

“किती वाड्यांत म्हणलात?”

“समद्या.”

तिनं पुण्याला फोन लावला. सभागृह भरलंय असं म्हणताच साहेबांना आनंद झाला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे लोक पक्के खेळाडू आहेत की फुरसतवाले.

नीलमनं ओळींकडं पाहिलं. “सर,” ती म्हणाली, “ते उपाशी आहेत.”

पुण्याला चूलबंद समजवायला तिला बराच वेळ लागला. साहेब म्हणत होते, मग त्यांना घरी जाऊन जेवायला सांगा. ती म्हणत होती, सर, घरी काही नाही, तोच तर मुद्दा आहे. शेवटी खेळाडूंसाठी गंगाखेडहून बर्गर यायचे होते ते थांबवून त्या जागी तांदूळ-दाळ घ्यायची परवानगी मिळाली. माणिकरावांच्या किराणा दुकानातून पोती आली. दैवशाला विहारातली मोठी भगुनी, पराती आणि उलथनी घेऊन आली, विहाराच्या समितीची दोन पोरं तिच्या मागं. भांडी कुठली, असं विचारायच्या तयारीत एकदोन जुनी डोकी दिसली, पण तो प्रश्न विचारायला पोट थोडं भरलेलं असावं लागतं. कोणी विचारलं नाही.

अडलं ते पुढंच. शिजवायचं कोणी? पंडितनं बायकांच्या ओळीकडं आशेनं पाहिलं.

“आमच्याकडं नको बघू,” केवळाबाई म्हणाली. “चूलबंद हाय. आज मी चुलीला हात लावला तर आवतनाचा काय उपेग.”

साऱ्या ओळीनं माना डोलावल्या. वर्षातून एखाद दिवस हाती लागणारा हा हक्क कोणी सोडणार नव्हतं, आणि कायद्याच्या बाजूनंही त्यांचं बरोबर होतं.

मार्ग काढला दैवशालानं. तिनं टेबलांकडं उलथनं रोखलं. “ही बसलेली पोरं काय कामाची हायत? चारचारच्या टोळ्या करून आलेत. लय एकजूट असती म्हणं ह्यांच्यात.”

पप्पू उठून उभा राहिला. माय आल्यापासून तो टेबलाखाली वाकून काही तरी शोधत होता. “काकू, आमी खेळाडू हाव. आमचे हात जपावे लागतेत.”

“मंग जपून चिर,” दैवशाला म्हणाली आणि कांद्याची पाटी त्याच्यापुढं ठेवली.

बाहेरगावच्या टीमांनी नकार देण्याचा विचार केला. पण समोर काही शे भुकेली माणसं बसलेली, आणि ती सगळी आपल्याकडंच पाहतायत, अशा वेळी तत्त्वाला चिकटून राहणं अवघड जातं. सोनपेठची टीम आधी उठली. तिचा कॅप्टन धम्मानंद शांत पोरगा होता; कोणी कापायचं, कोणी धुवायचं, कोणी जाळ बघायचा, हे त्यानं हेडफोन न काढता सांगून टाकलं. ते बघितल्यावर राणीसावरगावला बसून राहणं शक्य नव्हतं. सभागृहामागं दगडांच्या चुली मांडल्या गेल्या.

इकडं ओळी चुळबुळू लागल्या. लेकरं रडू लागली. दोन म्हातारे तांब्या उचलून उठले. चूलबंदातून उपाशी उठलेला पहिला माणूस दारातून बाहेर पडला की खेळ संपला, हे पंडितला कळत होतं. त्यानं माइक तोंडाला लावला, मागच्या दारात उभा राहिला, जिथून चुली दिसत होत्या, आणि बोलू लागला.

“मंडळी, बसून घ्या. मैदान सुरू झालंय. डाव्या हाताला राणीसावरगाव, उजव्या हाताला सोनपेठ, मधी गंगाखेड. गंगाखेडनं जाळ घातलाय, पण लाकडं ओली निवडलेत, धूर आपल्याच डोळ्यात. सोनपेठनं दाळ धुतली. एकदा धुतली. दुसऱ्यांदा धुतली. आता काय दाळीचा रंग काढता का, सोनपेठकर? राणीसावरगावचा गडी कांदा चिरायलाय, डोळ्याला पाणी हाय पण माघार न्हाई. काकू, रडू नका, कांद्यामुळं हाय.”

म्हातारे खाली बसले. ओळींतून उत्तरं येऊ लागली. जाळ कमी करा. फोडणी करपायलीय. त्या लंब्या पोराला सांगा, तांदूळ आधी न्हाई. पंडित एकेक सूचना भोंग्यातून चुलींना पोचवत होता आणि चुलींची उत्तरं ओळींना. मिठाच्या बाबतीत एकजूट थोडी नडली. गंगाखेडच्या चौघांनीही दुसऱ्यानं टाकलं असेल असं समजून मीठ टाकलंच नाही, पोखर्णीच्या चौघांनी त्याच कारणानं चारदा टाकलं. दोन्ही भगुनी एकात एक ओतून हा प्रश्न सुटला. पंडितनं तो दोन गावांमधला समेट म्हणून जाहीर केला.

नीलम कोपऱ्यात उभी होती. साहेब फोनवरून विचारत होते, पक्क्यांचं मैदान कधी सुरू होणार. तिला चुलींपुढं घामाघूम झालेले पक्के दिसत होते आणि ओळींत रिकाम्या हातानं बसलेलं अख्खं गाव. तिनं मोठ्या पडद्यावर गेमचा सोपा भाग लावला, एकट्याचा नांगर. गेम हा शब्द काढला नाही. पंडितनं सांगितलेलं दैवशालाचं बोलणं तिनं जवळजवळ जसंच्या तसं वापरलं.

“खिचडी शिजेपर्यंत जरा बोटं हलवा, मावशी. कुणाच्या फोनमधी जागा हाय?”

ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये जागा निघाली. सुनांनी सासूंच्या फोनात घेऊन दिलं, नातवांनी आज्यांच्या. गेम कोणीच खेळत नव्हतं, सगळे नुसतं बघत होते, बघता बघता शेजारणीचा धुरा कोरत होते. ‘माझ्या अंगावर आलीस तर बघ’ असं एक म्हातारी दुसरीला म्हणाली आणि दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी होत्या. साहेबांचा फोन पुन्हा आला तेव्हा आवाज बदललेला होता. एका गावातून इतके लोक अचानक कसे आले, काही बिघाड तर नाही ना, असं ते विचारत होते.

खिचडी झाली. पक्क्या खेळाडूंनी वाढली. पंडित प्रत्येक ओळीच्या शेवटी जाऊन बघून आला, कोणाचं पान रिकामं राहिलं का. राहिलं नाही. सगळ्यात शेवटी तो केवळाबाईपाशी आला आणि उभा राहिला.

तिनं सावकाश घास संपवला, तांब्यातलं पाणी प्यायलं. “खाली लागलेली हाय,” ती म्हणाली. “हिंग न्हाई. दाळ कच्ची.” मग हात पुसत, “पण आवतन खरं हाय बाबा तुझं. मी भरपूर जेवले.”

पंडितनं मान हलवली आणि माइकपाशी परत गेला.

खरं मैदान मग सुरू झालं. अर्धी ओळ जेवून जागीच आडवी झाली होती, उरलेली अर्धी जागी होती. सगळ्यांना हरवून शेवटाला राहिल्या दोन टीम, राणीसावरगाव आणि सोनपेठ. खेळाडूंची गेममधली नावंच घ्यायची, घरची नावं पक्क्यांना आवडत नाहीत, असा कंपनीचा दंडक नीलमनं पंडितला सकाळी सांगितला होता. पडद्यावर आठ नांगर, आठ नावं. एकावर ‘रात्रीचा लांडगा’.

“पंडित,” केवळाबाईनं मोठ्यानं विचारलं, “ह्यातलं माझं कोणतं?”

पप्पूनं हेडफोन आणखी घट्ट दाबले. पंडितनं एकदा नीलमकडं पाहिलं. मग कुस्तीच्या फडात जोड लावताना म्हणतात तसा तो बोलला, एकेक शब्द सुटा करून.

“लाल नांगर. जिल्ह्यात पहिला नंबर. ह्याचे डाव बघायला सातारा-सोलापूरची पोरं रात रात जागतेत. राणीसावरगावचे, उमाजी देवकते आणि केवळाबाई ह्यांचे चिरंजीव, पप्पू.”

सभागृहात टाळी पडली, आडव्या झालेल्यांतले काही उठून बसले. कोकरांची गोष्ट कोणी काढली नाही. पप्पूनं एक कान मोकळा केला, मागं वळून मायकडं पाहिलं. ती पडद्यावरच्या लाल नांगराकडं बोट दाखवून शेजारणीला काही तरी सांगत होती. त्यानं दुसराही कान मोकळा ठेवला. पक्का खेळाडू कान उघडे ठेवून खेळत नाही, तसं केलं तर शेजारच्या नांगराची चाहूल लागत नाही म्हणे. पप्पू तसाच खेळला, आणि हरला. धम्मानंदनं अगदी शेवटच्या क्षणी धुऱ्यापलीकडं नांगर घातला.

पण निकाल ऐकून घेणारं हे गाव नव्हतं. धुरा हा या माणसांचा विषय होता. सोनपेठचा नांगर आधी आत आला होता की नंतर, यावर चार ओळी उभ्या राहिल्या. माणिकराव, ज्यांचा स्वतःच्या चुलतभावाबरोबरचा धुऱ्याचा दावा गंगाखेडात तीस वर्षं चालू आहे, काठी टेकत पडद्यापर्यंत गेले, बोटानं हद्द दाखवली आणि म्हणाले, “मोजणी आणा. मोजणीशिवाय आमी मानत न्हाई.” नीलमनं सांगितलं, निकाल मशीन देतं. माणिकराव म्हणाले, मशीन पुण्याचं हाय, त्याला हितली हद्द काय ठाऊक. ते आजवर कुठलाच निकाल मानत आलेले नाहीत, त्यामुळं सोनपेठच्या पोरांनीही राग मानला नाही. शेवटी असं ठरलं की फेरमैदान घ्यायचं, आणि ते सोनपेठात, बाजाराच्या दिवशी.

“येऊ की,” केवळाबाई तांब्या उचलत म्हणाली. “पण सांगायला पंडितला लावून द्या. त्या टेपमधल्या बाईच्या सांगण्यावर आमी येत नसतो. ती कुठं आपल्याला ओळखती.”

लोक पांगले. पक्के खेळाडू भगुनी घासत होते. खरकटं सुकलं की निघत नाही, हे त्यांना त्यांच्या मायांनी जाता जाता सांगितलं होतं. नीलमनं पुण्याशी शेवटचं बोलून फोन ठेवला आणि रिक्षापाशी आली.

“साहेब विचारत होते,” ती म्हणाली, “राणीसावरगाव कोणत्या गिऱ्हाइकात धरायचं.”

“मंग काय सांगितलं?”

“म्हणलं, नंतर सांगते. काका, सोनपेठला या. कार्ड नको. माइक घेऊन या.”

पंडितनं रिक्षाची काच पुसली. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. “तिथं किती मान्सं धरू?”

“घरटी एक,” नीलम म्हणाली. “हात जोडते.”

“घरटी एक म्हणायची माझ्या घशाला सवय न्हाई, मॅडम,” पंडित म्हणाला. “पण चार दिवस हायत. रियाज करतो.”